राजाची बाग, प्रजेची बाग

जयपूरच्या पश्चिमेस, अजमेरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या उत्तर अंगाला, वैशाली नगर नावाची मोठी वसाहत आहे. आखीव रस्ते, ओळीने उभी घरे आणि मधून मधून राखलेली लहानमोठी उद्याने, असे तिचे रूप आहे. तेथील एका चौकाला आम्रपालीचे नाव दिलेले आहे. ज्याने कोणी ही दोन नावे जवळजवळ आणून ठेवली, त्याने इतिहासाची एक मार्मिक आठवण राजस्थानच्या वाळूत रोवून ठेवली, असे आम्हांला वाटते.

मूळ वैशाली ही लिच्छवींची राजधानी. आम्रपाली ही तेथील विख्यात गणिका. तिची आंबराई नगराबाहेर होती, आणि आपल्या अखेरच्या प्रवासात भगवान बुद्ध त्या आंबराईत उतरले होते. आम्रपालीने त्यांना भोजनाचे आमंत्रण दिले व त्यांनी ते स्वीकारले. हे कळताच लिच्छवी कुमारांनी तिला एक लक्ष देऊ केले आणि आमंत्रणाचा मान आपल्याला द्यावा असे विनविले. तिने उत्तर दिले की, सारी वैशाली तिच्या मुलखासह दिलीत तरी हे व्हावयाचे नाही. दुसऱ्या दिवशी भोजन झाल्यावर तिने ती आंबराईच भिक्षुसंघाला दान केली. एका व्यक्तीच्या मालकीची बाग समुदायाची झाली, आणि तिचे मोल द्यावयास निघालेले धनवंत रित्या हाताने परतले. उद्यानांच्या इतिहासातील हा फार जुना आणि फार बोलका प्रसंग आहे.

आज आमच्या शहरांत नेमका उलटा प्रवाह वाहतो आहे. जी बाग समुदायाची म्हणून नकाशावर हिरवी रंगविली गेली, ती हळूहळू एखाद्या व्यक्तीची, संस्थेची किंवा कंपनीची होते. आणि लक्ष मोजणाऱ्या कुमारांस नकार देण्याचे काम आम्रपालीऐवजी एखाद्या कार्यालयात बसलेल्या अधिकाऱ्याकडे आलेले असते. आमचे बहुसंख्य वाचक अशाच कार्यालयांत, आपल्या प्रांतापासून दूर, वर्षानुवर्षे बसलेले आहेत. म्हणून हा विषय येथे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

जयपूर आणि मराठी माणूस यांचे नाते दुहेरी आहे. सवाई जयसिंहाच्या पदरी असलेले ज्योतिर्विद जगन्नाथ सम्राट परंपरेने महाराष्ट्रीय मानले जातात. युक्लिडची भूमिती त्यांनी ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणली. हे झाले विद्येचे नाते. दुसरे नाते तलवारीचे, आणि ते फारसे अभिमानास्पद नाही. १७५० च्या डिसेंबरात होळकरांची फौज खंडणीसाठी जवळ येत असता ईश्वरीसिंहाने आत्मघात केला, आणि १७५१ च्या जानेवारीत शहरात शिरलेल्या मराठ्यांची नागरिकांनी कत्तल केली. परक्या शहरात जाताना रेखागणित घेऊन जावे की खंडणीची यादी, हा प्रश्न तेव्हापासून आमच्यापुढे उभा आहे. आजचा मराठी अधिकारी त्या शहरात जातो तो फाईल घेऊन. तिच्यात रेखागणितही असू शकते आणि खंडणीही.

आता बागांकडे वळू. जयपूर नगराची स्थापना १८ नोव्हेंबर १७२७ रोजी झाली. विद्याधर भट्टाचार्यांच्या मदतीने आखलेल्या त्या चौकड्यांच्या नगरीचे कौतुक जगभर होते, आणि २०१९ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. पण एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. नगराच्या आधी तेथे बाग होती. जयनिवास हे जयसिंहाचे उद्यान अगोदरचे. राजवाडा आणि नगर त्याच्या भोवती मागाहून रचले गेले. कारंजी, पाट आणि वाफे यांनी नटलेली ही बाग राजाची होती. प्रजेने ती दुरून पाहावी, सणासुदीला गोविंददेवाच्या दर्शनास यावे, एवढाच तिचा संबंध.

पुढे सुमारे दीडशे वर्षांनी, १८६८ मध्ये, सवाई रामसिंह दुसरे यांनी नगराच्या दक्षिण तटाबाहेर रामनिवास बाग घातली. शल्यवैद्य असलेल्या डॉ. डी फॅबेक यांनी तिची आखणी केली. त्या सुमारास राजपुतान्यात भीषण दुष्काळ पडला होता, आणि बागेच्या कामाने भुकेल्या हातांना मजुरी मिळाली, असे सांगतात. १८७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते याच बागेत अल्बर्ट हॉलची कोनशिला बसली. स्विंटन जेकब यांच्या देखरेखीखाली ती वास्तू पूर्ण झाली आणि १८८७ मध्ये संग्रहालय म्हणून लोकांस खुली झाली. जयनिवास ते रामनिवास हे अंतर पायी चालून थोड्या वेळात संपते. पण इतिहासाच्या दृष्टीने ते फार मोठे आहे. राजाची बाग तेथे प्रजेची झाली.

हे केवळ जयपुरातच घडत होते असे नाही. मुंबईत भायखळ्याची राणीची बाग १८६२ मध्ये लोकांस खुली झाली. बडोद्यास विश्वामित्रीच्या काठी १८७९ मध्ये सयाजी बाग उभी राहिली, आणि बडोदेकर मराठी मंडळी आजही तिला कमाटी बाग म्हणून ओळखतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संस्थानिक आणि नगरपालिका या दोघांनाही एकाच वेळी जाणवू लागले की, शहरातील माणसाला झाडाखाली बसण्याचा हक्क आहे.

ह्या जाणिवेच्या मागे सौंदर्यदृष्टी होती तशी भीतीही होती. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाट वस्त्या, कोंदट चाळी आणि वाऱ्याचा अभाव यांनी मृत्यूला वाट करून दिली, असे तेव्हाच्या धुरीणांचे निदान होते. त्यातून १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रुंद रस्ते, मोकळी मैदाने आणि बागा हे आरोग्याचे साधन म्हणून आखले जाऊ लागले. दादर-माटुंग्याच्या पाच बागा ह्याच विचाराचे अपत्य होत. बंगळूरलाही प्लेगनेच नव्या वसाहती घडविल्या. तेव्हा शहरातील उद्यान म्हणजे श्रीमंतांच्या फिरण्याची हौस, हा समज चुकीचा आहे. आपल्या पूर्वजांनी ते दवाखान्याच्या बरोबरीने मागितले होते.

जयपूर आणि बंगळूर यांना जोडणारा एक दुवा येथे सांगितला पाहिजे. सर मिर्झा इस्माईल हे १९२६ ते १९४१ पर्यंत म्हैसूरचे दिवाण होते, आणि बंगळूरच्या बागांना व रस्त्यांना त्यांनी जे वळण लावले ते प्रसिद्ध आहे. १९४२ मध्ये ते जयपूरचे दिवाण झाले आणि १९४६ पर्यंत राहिले. तटाबाहेरच्या नव्या जयपूरची आखणी त्यांच्या काळात झाली. शहराचा प्रमुख रस्ता आजही त्यांचे नाव वागवितो. ते स्वतः राजस्थानचे नव्हते, बदलीवर आलेल्या अधिकाऱ्यासारखे चार वर्षे राहून गेले. तरी त्यांची रेषा मागे उरली.

स्वातंत्र्यानंतर राजस्थानात १९५९ चा नगर सुधार अधिनियम आला आणि नगर सुधार न्यास कामास लागले. पुढे १९८२ च्या कायद्याने जयपूर विकास प्राधिकरण स्थापन झाले. ‘सुधार’ जाऊन ‘विकास’ आला, हा शब्दांतला बदल वरवर लहान दिसतो. परंतु सुधारणेचे माप आरोग्य हे होते. विकासाचे माप बहुधा चौरस फुटांचा भाव हे ठरते. वैशाली नगर ही ह्या प्राधिकरणाच्या योजनांपैकी एक होय.

अशा योजनेत उद्यान कसे जन्मास येते, हे समजून घेण्यासारखे आहे. शेतजमीन संपादित होते. तिचा आराखडा तयार होतो. त्यात घरांचे भूखंड, रस्ते, शाळा, दुकाने आणि उद्याने यांच्या जागा ठरतात. भूखंड विकले जातात, आणि त्यांच्या किमतीत रस्ते व उद्याने यांचा खर्च मिळविलेला असतो. म्हणजे ज्याने घरासाठी भूखंड घेतला, त्याने उद्यानाचेही मोल आपल्या हिश्शाने अगोदरच भरलेले आहे. प्राधिकरण हे त्या उद्यानाचे धनी नसून विश्वस्त आहे. उद्यान विकणे किंवा भाड्याने देणे म्हणजे एकदा विकलेली वस्तू दुसऱ्यांदा विकणे होय. व्यापारात ह्या व्यवहाराला जे नाव आहे, ते आम्ही येथे उच्चारीत नाही.

तरीही हे घडते, आणि ते दरोड्यासारखे एका रात्रीत घडत नाही. प्रथम उद्यानाकडे दुर्लक्ष होते. पाणी तुटते, हिरवळ करपते, कुंपण मोडते. मग कोणी म्हणतो की ही जागा ओसाड पडली आहे. एका कोपऱ्यात सोय म्हणून एखादे बांधकाम येते, आणि त्यास कोणी विरोध करीत नाही, कारण ते उपयुक्त असते. त्यामागून लग्नकार्यासाठी मंडप, मंडपासाठी भाडे, भाड्यासाठी ठेकेदार आणि ठेकेदारासाठी कुलूप. शेवटी जागेच्या वापरातील बदलाचा प्रस्ताव तयार होतो आणि त्यात ‘लोकहितार्थ’ हा शब्द न चुकता असतो. रामनिवास बागेतही रवींद्र मंच उभा आहे आणि तिच्या पोटात भूमिगत वाहनतळ आहे. ही दोन्ही कामे सार्वजनिक आहेत, त्यांस आम्ही खाजगी अतिक्रमण म्हणत नाही. पण मोकळ्या जागेची सवय अशी की, चांगल्या कारणासाठी एकदा उघडलेले दार वाईट कारणासाठीही उघडेच राहते.

जयपुरात ह्या प्रश्नाची सर्वांत मोठी कसोटी जलमहालाच्या निमित्ताने लागली. आमेरच्या वाटेवर मानसागर तलाव आहे आणि त्याच्या मध्यभागी जलमहाल. शहराच्या सांडपाण्याने तलाव कुजला होता. त्याच्या शुद्धीसाठी केंद्र व राज्य सरकार यांनी सार्वजनिक पैसा खर्ची घातला. आणि २००५ मध्ये तलावाच्या काठची १०० एकर जमीन पर्यटन प्रकल्पासाठी एका खाजगी कंपनीस ९९ वर्षांच्या पट्ट्याने देण्यात आली. वार्षिक भाडे होते २ कोटी ५२ लाख रुपये. नागरिक न्यायालयात गेले. १७ मे २०१२ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने हा पट्टा बेकायदा ठरवून रद्द केला. तलाव व त्याचा काठ ही लोकांची ठेव असून शासन तिचे विश्वस्त आहे, ह्या तत्त्वाचा आधार त्या निर्णयास होता. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. तेथे एप्रिल २०१४ मध्ये प्रकल्प सर्वस्वी मोडून न टाकता पट्ट्याची मुदत ९९ वर्षांवरून ३० वर्षांवर आणली गेली आणि पाण्याखाली येणारी जमीन त्यातून वगळण्यात आली.

हा विजय होता की पराजय? आमच्या मते तो एक धडा होता. दोन पिढ्यांहून अधिक काळ गेलेली जमीन एका पिढीत परत येण्याची वाट मोकळी झाली, हे नागरिकांचे यश. परंतु जे सह्यांच्या वेळी थांबविता आले असते, ते थांबविण्यासाठी इतकी वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, आणि तरीही सगळे परत मिळाले नाही, हे त्या यशाचे मोल. कागदावरची चूक जमिनीवर उतरली की ती पुरती पुसता येत नाही.

मिर्झासाहेबांच्या बंगळुरातून ह्या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उत्तर आले, हा योगायोग म्हणावा लागेल. तेथील राजमहाल विलास विस्तारात उद्यानासाठी राखलेली एक जागा १९७६ मध्ये, मुख्यमंत्र्यांच्या आदेशावरून, एका खाजगी न्यासाला रुग्णालयासाठी देण्यात आली. रहिवाशांनी विरोध केला. पहिल्या फेरीत ते हरले, अपिलात जिंकले, आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. न्यायमूर्ती थॉमन व सहाय यांच्या निर्णयाचे सार असे की, आराखड्यात राखलेले उद्यान ही सर्वांची गोष्ट आहे, आणि खाजगी रुग्णालय कितीही उपयुक्त असले तरी ते उद्यानाची जागा घेऊ शकत नाही. वरिष्ठाचा आदेश आला म्हणून कायद्याने नेमलेल्या मंडळाने आपला विवेक गहाण ठेवावयाचा नसतो. आणि ज्यांच्या दारासमोरचे उद्यान जात आहे, त्या रहिवाशांना दाद मागण्याचा पुरा अधिकार आहे.

लखनौच्या अमीनाबादेतील झंडेवाला पार्कची कथा याहून तीव्र आहे. स्वातंत्र्य चळवळीच्या सभांनी पावन झालेल्या त्या उद्यानाखाली भूमिगत बाजार बांधण्याचा करार तेथील महापालिकेने १९९३ मध्ये एका बांधकाम कंपनीशी, निविदा न मागविता, केला. बांधकाम बरेच पुढे गेले होते. पैसा खर्च झाला आहे, आता पाडून काय लाभ, असा युक्तिवाद झाला. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो झिडकारून बांधकाम काढून टाकण्याचा व उद्यान पूर्ववत करण्याचा आदेश दिला. ज्या न्यायालयात हे निर्णय लिहिले गेले, त्याची वास्तू गणेश भिकाजी देवळालीकर ह्या, महाराष्ट्रापासून दूर दिल्लीत नोकरी केलेल्या, मराठी सरकारी वास्तुविशारदाने रेखाटली, ही गोष्ट आमच्या वाचकांस सुखावणारी वाटेल.

राजस्थानापुरते बोलावयाचे तर १२ जानेवारी २०१७ रोजीचा जोधपूर येथील उच्च न्यायालयाचा निर्णय फार महत्त्वाचा आहे. एका संपादकाने पाठविलेल्या पत्रातून २००४ साली उभी राहिलेली ती जनहित याचिका होती. नगरांच्या बृहद् आराखड्यांचा मान राखला जावा, त्यांतील हरितपट्टे, उद्याने व खुल्या जागा मन मानेल तशा बदलल्या जाऊ नयेत, असा त्या निर्णयाचा रोख आहे. जयपूरचा पहिला बृहद् आराखडा १९९१ पर्यंतचा होता. नंतरचा २०११ पर्यंतचा, आणि त्यापुढचा २०२५ हे वर्ष डोळ्यांपुढे ठेवून केलेला. प्रत्येक नव्या आराखड्याच्या वेळी जुन्या आराखड्यातील हिरवा रंग थोडा फिकट करण्याचा मोह होतो. त्या मोहाला ह्या निर्णयाने लगाम घातला आहे.

विरुद्ध बाजूचे म्हणणेही नीट ऐकले पाहिजे. शहराला दवाखाने हवेत, वाहनतळ हवेत, महसूल हवा. नगरपालिकेजवळ माळ्यांचे पगार देण्याइतकाही पैसा नसतो. मग एखाद्या संस्थेने उद्यान सांभाळले आणि बदल्यात एक कोपरा वापरला, तर बिघडले कोठे? हा प्रश्न अप्रामाणिक नाही. पण मुंबईचा अनुभव त्याला उत्तर देतो. तेथे देखभालीसाठी म्हणून दिलेल्या काही मैदानांवर सभासदत्वाचे क्लब उभे राहिले आणि ज्या मुलांसाठी मैदान होते ती कुंपणाबाहेर राहिली. २०१६ च्या आरंभी मोकळ्या जागा अशा रीतीने सोपविण्याच्या धोरणाला नागरिकांच्या रोषापुढे स्थगिती द्यावी लागली. राणीच्या बागेचे रूप पालटून टाकणारी भव्य योजना २००७ मध्ये पुढे आली, तेव्हाही झाडांची यादी हातात घेऊन उभे राहिलेल्या नागरिकांनीच तो जुना वनस्पतिसंग्रह वाचविला. देखभालीसाठी हात लागतात हे खरे. परंतु हात देणे वेगळे आणि किल्ली देणे वेगळे. ज्या करारात फाटक बंद करण्याचा अधिकार दिला जातो, तो देखभालीचा करार नव्हे.

दवाखान्याविषयीही असेच. दवाखाना हवा असेल तर त्यासाठी जमीन विकत घेता येते. उद्यानाची जमीन त्यासाठी का सुचते? कारण ती फुकट पडलेली वाटते. उद्यानात सायंकाळी बसणारे वृद्ध, घरकामातून अर्धा तास काढून आलेल्या स्त्रिया आणि चेंडू खेळणारी मुले यांच्या हातात ताबापावती नसते, म्हणून ती जमीन रिकामी दिसते. राजस्थानच्या उन्हाळ्यात, गच्ची तापल्यावर, ज्याच्या घरी अंगण नाही त्याला संध्याकाळी जाण्यास ती एकच जागा असते. ती गेली तर अंगण असलेल्यांचे काही जात नाही.

वैशालीच्या लिच्छवींविषयी आणखी एक गोष्ट प्राचीन ग्रंथांत सांगितलेली आहे. मगधाच्या राजाला वज्जींचे गणराज्य जिंकावयाचे होते. त्याच्या मंत्र्याने बुद्धांपाशी विषय काढला, तेव्हा त्यांनी वज्जींच्या अभ्युदयाची कारणे मोजली. ते वारंवार सभा भरवितात, एकमताने काम करतात, आणि जे ठरविले आहे ते मोडीत नाहीत व जे ठरविले नाही ते मध्येच घुसडीत नाहीत. जोवर हे चालू आहे तोवर त्यांचा ऱ्हास नाही. नगररचनेच्या कायद्याचे मर्म आम्हांला ह्याहून वेगळे वाटत नाही. आराखडा बदलावयाचा तर जाहीर सूचना द्यावी लागते, हरकती ऐकाव्या लागतात. म्हणजे सभा भरवावी लागते. जेथे ती गुपचूप टाळली जाते, तेथे गणराज्याचा तट आतून ढासळू लागतो.

ह्या तटाचे दोन पहारेकरी आहेत. पहिला, तेथे राहणारा नागरिक. त्याने आपल्या वसाहतीच्या मंजूर आराखड्याची नक्कल मागून घरात ठेवावी. उद्यानाची चतुःसीमा पायाने मोजावी. हरकतीची मुदत संपण्यापूर्वी लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. परप्रांतातून आलेल्या भाडेकरूनेही हे करण्यास संकोचू नये. ज्याच्या सावलीत आपण बसतो त्याचे आपण काही लागतो.

दुसरा पहारेकरी अधिकारी. त्याची अडचण आम्ही जाणतो. वरून फोन येतो, ‘लोकहितार्थ’ असा शेरा असलेला प्रस्ताव पुढे येतो आणि बदलीची टांगती तलवार असते. सर्वांनाच निर्णय फिरविता येत नाही. पण आपले मत टिपणीत स्पष्ट लिहून ठेवणे प्रत्येकाच्या हाती असते. ही जागा आराखड्यात उद्यान आहे, तिचे मोल भूखंडधारकांनी भरलेले आहे, आणि ह्या बदलास जाहीर सूचना देण्यात आलेली नाही, अशी तीन वाक्ये पुरतात. अधिकारी बदलून जातो, टिपणी राहते. पुढे वर्षांनी जेव्हा एखादा वृद्ध रहिवासी वकिलाकडे कागद घेऊन जातो, तेव्हा त्या तीन वाक्यांचा त्याला केवढा आधार होतो! रेखागणित घेऊन परमुलखात गेलेल्यांची ही परंपरा आपल्या वाचकांपैकी अनेकजण मूकपणे चालवीत आले आहेत, हे आम्हांस ठाऊक आहे. त्यांनी ती चालू ठेवावी, एवढीच आमची विनंती.